कायद्यात ‘बौद्ध’ शब्द आला, चकमा मात्र बाहेरच राहिले

नागरिकत्वाच्या प्रश्नावर वस्त्यांमध्ये, विहारांमध्ये बोलायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. “त्या सीएएमध्ये बौद्धांचं नाव आहे ना? मग आपण विरोध कशाला करायचा?” प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला तरुण असतो, आणि त्याच्या मनात खोट नसते. आपल्याकडचे कार्यकर्ते अनेकदा या प्रश्नाला घोषणेने उत्तर देतात किंवा विचारणाऱ्यालाच भक्त ठरवून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर कायद्यातून आणि जमिनीवरच्या परिस्थितीतून शोधले पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. डिसेंबर 2019 मध्ये संसदेने नागरिकत्व सुधारणा कायदा संमत केला. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेश या तीन देशांतून 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ मानले जाणार नाही, आणि नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची अट त्यांच्यासाठी 11 वर्षांवरून 5 वर्षांवर येईल, असा त्याचा गाभा. नियम यायला चार वर्षांहून जास्त काळ गेला. ते 11 मार्च 2024 ला निघाले, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर.

यादीत तिसरा शब्द ‘बौद्ध’ आहे. पण हे बौद्ध कोण? अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती तालिबानने मार्च 2001 मध्ये फोडल्या तेव्हा त्यांच्यासमोर वंदना करणारा समाज तिथे कित्येक शतकांपासून उरलेला नव्हता. पाकिस्तानात तक्षशिला आहे, बौद्ध मात्र नावापुरते. म्हणजे व्यवहारात या शब्दाचा अर्थ एकच निघतो: बांगलादेशातले बौद्ध. चित्तगाव डोंगराळ भागातले चकमा, मर्मा, आणि मैदानी भागातले बरुआ. त्यांच्यावर अत्याचार झालेलेच नाहीत असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर 2012 मध्ये कॉक्स बाजारजवळच्या रामू इथे फेसबुकवरच्या एका पोस्टचे निमित्त करून जमावाने एका रात्रीत अनेक विहार आणि बौद्धांची घरे जाळली. तेव्हा छळाची गोष्ट खरी आहे. प्रश्न हा आहे की या छळातून सुटून भारतात आलेल्यांचे हा कायदा काय करतो.

आणि इथेच चकमांची गोष्ट नीट सांगावी लागते, कारण आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ती माहीत आहे.

फाळणीच्या वेळी चित्तगावच्या डोंगराळ भागात मुस्लिमेतर लोक जवळजवळ सगळेच होते. तरीही रॅडक्लिफच्या रेषेने तो भाग पाकिस्तानात गेला. पुढे पाकिस्तान सरकारने कर्णफुली नदीवर कप्ताई धरण बांधले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा जलाशय भरला आणि त्या भागातल्या लागवडीयोग्य जमिनीपैकी सुमारे 40 टक्के जमीन पाण्याखाली गेली. एक लाखाच्या आसपास माणसे विस्थापित झाली, त्यात चकमा सर्वाधिक. धरणाखाली गाव जाणे म्हणजे काय हे कोयना आणि उजनीच्या लोकांना वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की चकमांना पुनर्वसनाचा कागदही धड मिळाला नाही आणि वर धार्मिक भेदभाव होताच. 1964 पासून ते भारतात येऊ लागले. त्यांच्यासोबत मैमनसिंगकडचे हिंदू हाजोंगही आले. केंद्र सरकारने 1964 ते 1969 या काळात सुमारे 15 हजार लोकांना तेव्हाच्या नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, जमीन देऊन वसवले. चोरून आलेले नव्हते ते, सरकारने नेऊन वसवलेले होते.

त्यानंतरची साठ वर्षे कशी गेली? 1980 नंतर राज्यात त्यांच्याविरुद्ध वातावरण तापत गेले. 1994 मध्ये ऑल अरुणाचल प्रदेश स्टुडंट्स युनियनने 30 सप्टेंबरपर्यंत राज्य सोडा अशा नोटिसा दिल्या. नागरिकत्वासाठी केलेले अर्ज स्थानिक अधिकारी पुढे केंद्राकडे पाठवतच नव्हते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 9 जानेवारी 1996 ला जो निकाल आला तो प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. न्यायालयाने सांगितले की संविधानाचे कलम 21 केवळ नागरिकांचे नाही, प्रत्येक माणसाचे आहे. चकमांच्या जिवाचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे, त्यांना जबरदस्तीने हुसकावता येणार नाही आणि त्यांचे अर्ज केंद्राकडे पाठवावेच लागतील. 17 सप्टेंबर 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिला: तीन महिन्यांत नागरिकत्वाची प्रक्रिया पूर्ण करा. ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. 15 ऑगस्ट 2021 ला, स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात, मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी चकमा-हाजोंगांना राज्याबाहेर हलवले जाईल असे जाहीर केले. 2011 च्या जनगणनेत अरुणाचलमधील चकमांची संख्या 47 हजारांच्या आसपास होती. त्यातले बहुसंख्य तिथेच जन्मलेले.

आता सीएए त्यांना काय देतो ते पाहा. काहीच नाही. या कायद्यातच एक पोटकलम आहे: सहाव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रांना आणि 1873 च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनखालच्या ‘इनर लाइन’ क्षेत्राला तो लागू नाही. अरुणाचल प्रदेश संपूर्णपणे इनर लाइनमध्ये आहे. म्हणजे भारतात राहणाऱ्या, नागरिकत्वासाठी दारोदार फिरणाऱ्या बौद्धांचा सर्वांत मोठा समूह जिथे आहे, नेमका तोच प्रदेश कायद्यातून वगळलेला आहे. ‘बौद्ध’ शब्द छापला गेला आणि ज्याच्यासाठी तो अर्थपूर्ण होता त्याला दाराबाहेर उभे केले.

यात गंमत अशी (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) की चकमांना सीएएची गरजच नाही. 1955 च्या मूळ नागरिकत्व कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारताच्या भूमीवर जन्मलेला प्रत्येक माणूस जन्माने नागरिक आहे, मग त्याचे आईवडील कोणीही असोत. 1964-69 मध्ये आलेल्यांची मुले या नियमात बसतात आणि त्यांची मुलेही पुढच्या नियमांत बसतात. उरलेल्या वृद्धांसाठी नोंदणीची तरतूद जुन्या कायद्यातही आहे. म्हणजे कायदा कमी पडलेला नाही. अंमलबजावणी करायची इच्छा नाही. नवा कायदा आणून ही जुनी कुचराई झाकली जाते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपणही यादीचेच राजकारण करू. अरुणाचलमधल्या जमातींची भीती खोटी नाही. लोकसंख्या थोडी, जमीन सामूहिक, आणि शेजारच्या त्रिपुरात बाहेरून आलेल्या लोकांमुळे मूळ आदिवासी अल्पसंख्य झाले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. इनर लाइन हे त्यांचे संरक्षण आहे आणि ते टिकले पाहिजे. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चांगलांग आणि नामसाई भागातले खामती आणि सिंगफो हे स्वतः थेरवादी बौद्ध आहेत. मुख्यमंत्री खांडू हे तवांगच्या मोनपा समाजातले, तेही बौद्ध. म्हणजे चकमांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या वादात धर्म ही रेघच नाही. जमीन, संख्या, रोजगार आणि मतदार यादी या रेघा आहेत. धर्माच्या चाळणीने हा प्रश्न सुटत नाही, कारण धर्माने तो निर्माणच झालेला नाही. केंद्राने 1964 मध्ये स्थानिकांना न विचारता माणसे वसवली, नंतर साठ वर्षे दोन्ही बाजूंना टांगून ठेवले. दोष द्यायचा तर तिथे द्यावा लागतो.

तिबेटी लोकांचेही पाहू. 1959 पासून ते आपल्याकडे आहेत. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1970 च्या दशकापासून आहे. विदर्भातल्या किती बौद्ध तरुणांनी ती पाहिली आहे? हे बौद्ध आहेत, छळामुळे देश सोडून आले आहेत, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. पण चीन त्या तीन देशांत नाही, म्हणून यादी त्यांना लागू नाही. 1950 ते 1987 च्या काळात इथे जन्मलेल्या तिबेटींनाही जन्मसिद्ध नागरिकत्वासाठी कोर्टात जावे लागले. 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर यांच्या बाजूने निकाल दिला आणि तेव्हा कुठे दार किलकिले झाले. त्यानंतरही पासपोर्ट हवा असेल तर निर्वासिताचे नोंदणीपत्र परत करा, वसाहत सोडा अशा अटी आल्या. एकीकडे नागरिक, दुसरीकडे घर. दोन्हींपैकी एक निवडा.

यादी म्हणजे काय हे आपल्याला कळायला हवे

कायद्यात धर्मांची यादी लिहिली की काय होते, हे महाराष्ट्रातल्या बौद्धांइतके कोणाला माहीत असेल? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिले होते की हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. 1956 मध्ये त्यात शीख जोडले गेले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला धर्मांतर झाले आणि आपले आजोबा-पणजोबा एका रात्रीत त्या यादीबाहेर गेले. गावातली वागणूक बदलली नव्हती, विहीर बदलली नव्हती, गावाबाहेरचा वाडा तिथेच होता. पण केंद्राच्या लेखी ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. महाराष्ट्राने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, तरी केंद्रात ‘बौद्ध’ हा शब्द यादीत यायला 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे. त्या काळात केंद्राची नोकरी, शिष्यवृत्ती हुकलेली माणसे आजही आपल्या वस्त्यांमध्ये भेटतात. कित्येकांनी कागदावर ‘हिंदू महार’ तसेच ठेवले आणि घरात बुद्धवंदना केली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजूनही त्या यादीबाहेर आहेत.

तेव्हा छळ काय आहे हे न पाहता धर्म कोणता आहे हे पाहणारा कायदा आपल्याला नवा नाही. या वेळी आपण यादीच्या आत आहोत, इतकेच. आत असल्याचा आनंद किती मानायचा हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हाला मात्र ती चौतीस वर्षे आठवतात.

आपल्यातले काही जण बाबासाहेबांचा दाखला देतात. पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीची चर्चा केली होती, ती काढून दाखवतात आणि म्हणतात, बघा, बाबासाहेबांनाही हेच हवे होते. तो ग्रंथ 1940 चा आहे. फाळणी झालीच तर दोन्हीकडच्या अल्पसंख्याकांचा जीव कसा वाचेल, या प्रश्नाचे ते उत्तर होते. आणि फाळणीनंतर त्यांनी खरोखरच पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांची बाजू लावून धरली. सफाईची कामे कोण करणार म्हणून पाकिस्तान सरकार त्यांना येऊ देत नव्हते, याबद्दल त्यांनी डिसेंबर 1947 मध्ये नेहरूंना पत्र लिहिले. छळ झालेल्यांना आसरा द्यावा ही त्यांची भूमिका स्पष्ट आहे. पण त्यासाठी त्यांनी संविधानात धर्म लिहिला का?

ऑगस्ट 1949 मध्ये नागरिकत्वाची कलमे संविधान सभेपुढे आली. एखादा अपवाद सोडला तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्या कलमाने दिली नाही, असे बाबासाहेबांनी तेव्हा सांगितले होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या होत्या. त्या चर्चेत एका सदस्याने दुरुस्ती मांडली की जगात कुठेही राहणाऱ्या आणि दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शिखाला भारताचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा. हे सदस्य होते आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. शेतकऱ्यांसाठी आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या कामाबद्दलचा आमचा आदर तसूभरही कमी नाही, पण ही दुरुस्ती संविधान सभेने फेटाळली हे नोंदवायला हवे. संविधानात पाकिस्तानातून आलेल्यांसाठी तारीख आली, वास्तव्य आले, आईवडील-आजीआजोबांचा जन्म आला. धर्म आला नाही. ज्यांच्या अंगणात रक्त सांडले होते त्या लोकांनी हे ठरवले. आपल्याला 2019 मध्ये त्यापेक्षा मोठे कोणते कारण मिळाले?

आणि नुसता ‘हिंदू’ हा शिक्का तरी गरीब निर्वासिताला किती वाचवतो? पूर्व बंगालमधून आलेल्या नामशूद्रांना, म्हणजे तिथल्या अस्पृश्य मानलेल्या जातीला, दंडकारण्यात पाठवले गेले. त्यातले काही आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागातही वसले. त्यांना महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दर्जा नाही, ते वेगळेच दुखणे. दंडकारण्यातून कंटाळून हजारो लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले. जानेवारी 1979 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी अडवले, गोळीबार झाला, मे महिन्यात झोपड्या जाळून सगळ्यांना हुसकावले. सरकार डाव्यांचे होते, निर्वासित हिंदू होते. उच्चवर्णीय निर्वासितांनी कलकत्त्यात वसाहती उभ्या केल्या आणि त्या पुढे नियमित झाल्या. मरिचझापीला ते भाग्य लाभले नाही. निर्वासितांच्या धोरणात जात कुठे असते, हे पाहायचे असेल तर तिथे पाहावे.

आपल्या घरातलेही बोलू

अवघड भाग आता येतो. बौद्ध म्हणून आपण छळाबद्दल बोलतो तेव्हा बौद्ध बहुसंख्य देशांनी केलेल्या छळाबद्दलही बोलावे लागते. म्यानमारने 1982 च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना देशहीन केले. ऑगस्ट 2017 नंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. लष्कराने गावे जाळली, पण त्याआधी कित्येक वर्षे विराथूसारखे चीवरधारी भिक्खू मुस्लिमांविरुद्ध द्वेषाची प्रवचने देत फिरत होते. श्रीलंकेच्या संविधानात बौद्ध धर्माला अग्रस्थान आहे आणि तिथूनच आलेले हजारो तमिळ निर्वासित तामिळनाडूच्या छावण्यांमध्ये तीन-चार दशके राहत आहेत. भूतानने 1990 च्या दशकात सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शम्पांना बाहेर काढले; ते बहुतेक हिंदू होते. सीएएच्या यादीत ना म्यानमार, ना श्रीलंका, ना भूतान. श्रीलंकेचा तमिळ हिंदू आणि भूतानचा नेपाळी हिंदूही त्यात नाही. शेजारचे तीन मुस्लिम देश निवडले की बाकीचा हिशोब आपोआप जुळतो.

आपल्या समाजमाध्यमांच्या गटांत विराथूचे फोटो ‘बौद्ध वाघ’ म्हणून फिरताना आम्ही पाहिले आहेत. पाठवणारा बावीस प्रतिज्ञांच्या पोस्टही पाठवतो. याची लाज वाटली पाहिजे. त्याच म्यानमारमध्ये मार्च 2013 ला मिक्तिला शहरात दंगल पेटली तेव्हा तिथल्या एका भिक्खूने आपल्या विहारात शेकडो मुस्लिमांना ठेवून घेतले आणि दारात आलेल्या जमावाला परत पाठवले. त्याचा फोटो आपल्या गटांत कोणी टाकत नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा नाकारली, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी त्यांनी काय लिहिले याचा विचार आपण कमी करतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि बहुमताविरुद्ध गेल्याची शिक्षा म्हणून त्याने देशत्याग पत्करला. बाबासाहेबांचा सिद्धार्थ हा स्वदेश सोडावा लागलेला माणूस आहे, आणि शेजारच्या टोळीला शत्रू मानायला नकार दिल्यामुळे सोडावा लागलेला.

कागद कोणाकडे मागितला जातो

धोरण आता पुढच्या टप्प्यावर आले आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा 2025’ लागू झाला. 1920, 1939, 1946 आणि 2000 चे चार जुने कायदे त्यात विलीन झाले. पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि या नव्या कायद्यातही ‘निर्वासित’ म्हणून वेगळी ओळख नाही. जीव वाचवायला आलेला आणि तस्करी करायला आलेला, दोघेही फक्त ‘परदेशी’. त्याच वेळी निघालेल्या सवलतीच्या आदेशात तीन देशांच्या त्याच सहा धर्मांतील, 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या लोकांना कारवाईतून सूट आहे. नोंदणी केलेल्या तिबेटींना आणि 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांनाही सूट मिळाली. ही चांगली गोष्ट आहे आणि ती चांगली आहे असे म्हणायला आम्हाला संकोच नाही. पण सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. तुरुंगात टाकणार नाही, एवढाच तिचा अर्थ.

रोहिंग्यांना तीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये मान्य केले की कलम 14 आणि 21 सर्व माणसांना लागू आहेत, पण देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क मात्र फक्त नागरिकांचा आहे असे सांगून त्यांची पाठवणी थांबवायला नकार दिला. 1996 चा चकमांचा निकाल आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचा. मे 2025 मध्ये दिल्लीतून पकडलेल्या सुमारे 40 रोहिंग्यांना अंदमान समुद्रात म्यानमारच्या किनाऱ्याजवळ लाइफ जॅकेट घालून उतरवल्याच्या बातम्या आल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने त्याची चौकशी सुरू केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने 104 भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला पाठवले, तेव्हा सगळा देश संतापला होता. तो संताप योग्यच होता.

“पण आम्ही थोडेच परदेशी आहोत?” असे विचारणाऱ्यांसाठी पुढचा मुद्दा. नव्या कायद्यातही, 1946 च्या कायद्याप्रमाणेच, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच आहे. आरोप करणाऱ्याने काही सिद्ध करायचे नाही. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. त्यांच्या राज्याने कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावे लागले. ते मुस्लिम आणि बंगालीभाषक होते, आणि गरीब होते. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. मग कशाने ठरतो? जन्माचा दाखला, आईवडिलांचे कागद. आसामात 31 ऑगस्ट 2019 ला एनआरसीची अंतिम यादी आली तेव्हा 19 लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले, त्यात हिंदू होते, आदिवासी होते, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायका मोठ्या प्रमाणात होत्या.

कागद सिद्ध करणे म्हणजे काय, हे ज्या घरात जात पडताळणीची फाइल तयार झाली आहे त्या घराला विचारा. आपल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचा निर्गम उतारा, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. आजोबा शाळेत गेले नाहीत म्हणून उतारा नाही, जमीन नाही म्हणून सातबारा नाही. एका कागदावर ‘महार’, दुसऱ्यावर ‘नवबौद्ध’, तिसऱ्यावर ‘बौद्ध’. एकीकडे ‘भिवा’, दुसरीकडे ‘भिमराव’. हे सगळे इथल्याच मातीतल्या, पिढ्यानपिढ्या गावकीची कामे केलेल्या माणसांचे. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर जन्मलेल्या मुलांची नोंद वेळेवर होत नाही, आणि उशिरा नोंदवलेल्या जन्माच्या दाखल्यांचे नियम महाराष्ट्राने 2025 मध्ये बांगलादेशींच्या नावाखाली आणखी कडक केले. त्याचा पहिला फटका मालेगावच्या मुस्लिमाला बसला असेल. दुसरा पारधी, वैदू, गोसावी आणि आपल्याच मजूर कुटुंबांना बसतो आहे. सीएए अशा माणसाला वाचवेल हा समज कोणी बाळगू नये. त्या कायद्याखाली अर्ज करायचा तर आधी सांगावे लागते की मी पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आलो. बीडच्या ऊसतोड कामगाराने हे कसे सांगायचे?

यातून आमच्या कामाचा क्रम ठरला आहे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाची जन्मनोंद एका वर्षाच्या आत करून घ्यायची, कारण वर्षानंतर प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे जाते. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचे जे काही कागद असतील, शाळेचा दाखला, जुने रेशनकार्ड, 1960-70 च्या मतदार यादीतले नाव, त्यांच्या प्रती काढून ठेवायच्या. शेजारच्या वस्तीतल्या मुस्लिम किंवा बंगाली मजुराला पोलीस ठाण्यात नेले तर त्याच दिवशी वकील आणि त्याच्या गावचा सरपंच यांना फोन जाईल अशी साखळी तयार ठेवायची. सीमेपलीकडे ढकललेला माणूस परत आणायला महिने लागतात, ठाण्यातून सोडवायला एक फोन पुरतो.

मागण्या दोन आहेत. एक, भारताला निर्वासितांचा कायदा हवा, ज्यात छळ झाला की नाही हे तपासले जाईल आणि धर्म विचारला जाणार नाही. संसदेत खासगी विधेयके आली आणि पडून राहिली. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला याबद्दल एकदा तरी पत्र गेले पाहिजे. दुसरी, 2015 च्या आदेशाप्रमाणे चकमा-हाजोंगांच्या नागरिकत्वाची प्रक्रिया पूर्ण करावी आणि स्थानिक जमातींच्या जमिनीच्या हक्कांना हात न लावता करावी. ईशान्येकडचे विद्यार्थी नागपूरला नागलोकमध्ये शिकायला येतात, चकमा भिक्खू आपल्या विहारांमध्ये वर्षावासाला येतात. त्यांना धम्मदेसनेनंतर फक्त चीवरदान करून निरोप देण्याऐवजी दियून-बोर्दुम्सामध्ये काय चालले आहे हे विचारा, आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. पुढच्या वर्षावासात आपल्या पाच-सहा विहारांमध्ये हे करायचे ठरले आहे.